अडथळा क्रमांक चार

२३ सप्टेंबर, सोमवार

आज ओळखपत्र मिळालं. फोटो बरा आलाय, फक्त डावा कान जरा पुढे आल्यासारखा दिसतो. खाली छापलंय: हिनेस साउरा, जबाबदार व्यक्ती, अडथळा क्रमांक चार.

चौतीस वर्षं मी इथल्या पाणी वापर संस्थेचा पाटकरी आहे. पाळी कुणाची, दार किती बोटं उचलायचं, कोण दुपारच्या डुलकीच्या वेळी दुसऱ्याचं पाणी आपल्या शेतात वळवतो, हे सगळं मला तोंडपाठ. पण तीन वर्षांपूर्वी दारं फोनवरून उघडायला लागली आणि मी नुसता मोटारसायकलवर हिंडणारा माणूस झालो. मला काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, एवढंच. आणि आज हे.

बेगोन्या, म्हणजे आमच्या इंजिनीयरबाई, यांनी खुर्चीवर बसवून समजावलं. कार्ताहेनाच्या आजूबाजूच्या गावांचं सांडपाणी शुद्ध होऊन आमच्या तळ्यात येतं आणि तिथून शेतांना जातं. स्पेनच्या नव्या कायद्यानं त्यातला प्रत्येक धोका आधीच कागदावर मांडायचा. धोक्याला दोन आकडे: घडण्याची शक्यता एक ते पाच, आणि घडलं तर किती वाईट, तेही एक ते पाच. दोघांचा गुणाकार. सहापर्यंत हिरवा, बारापर्यंत पिवळा, त्यावर लाल. प्रत्येक धोक्यापुढे एक अडथळा आणि अडथळ्यापुढे जबाबदाराचं नाव. पहिले तीन अडथळे शुद्धीकरण केंद्रातले. चौथा माझा: तळ्यातून लेट्यूसच्या शेतांकडे जाणारं दार. लेट्यूस लोक कच्चा खातात. म्हणून गढूळपणाचं मीटर पाचच्या वर गेलं की मी दार लावायचं.

"शक्यतेचा आकडा रोज तुम्ही भरायचा," बाई म्हणाल्या. "मशीनला अनुभव नसतो. तुम्हाला आहे."

घरी येऊन फ्लोरेन्तिनाला कार्ड दाखवलं.

"बाकीच्या अडथळ्यांपुढे कुणाची नावं आहेत?" तिनं विचारलं.

"केंद्र चालवणाऱ्या कंपनीचं."

"माणसाचं नाव तुझं एकट्याचंच?"

"हो!" मी म्हणालो. तिला अभिमान वाटेल असं वाटलं होतं. तिनं बटाटे सोलायला घेतले.

बाई म्हणाल्या, रोज लिहायची सवय लावा. ऑफिसची नोंदवही ऑफिसात राहील. ही माझी.

२७ सप्टेंबर

जाकीट जांभळं आहे, कारण या पाण्याचे नळ आणि पाईपही जांभळे. थेट बिशपच्या झग्याचा रंग. घालून बारमध्ये गेलो तर सगळे उठून उभे राहिले. "या बिशपमहाराज, बसा. आशीर्वाद द्या, निदान कॉफी तरी पाजा." हसू देत. त्यांच्यापैकी कुणाचं नाव कायद्याच्या कागदावर नाही.

१७ ऑक्टोबर

आज पहिली कारवाई.

सात नंबरच्या शेतात एक बाई जांभळ्या नळाखाली कॅन भरत होती. झिनेब नाव. मोरोक्कोची, लेट्यूस कापणाऱ्या टोळीतली, तिशीची असेल. मी मोटारसायकल थांबवली.

"हे पाणी प्यायचं नाही. चित्र दिसत नाही?"

"दिसतं, सेन्योर हिनेस. प्यायला नाही, तोंडावर मारायला. पाण्याची गाडी सकाळपासून आलेली नाही. तुम्हीच फोन करा ना त्यांना."

"गाडी माझ्या अडथळ्यात येत नाही."

मी फोटो काढला, अर्ज भरला: अनधिकृत संपर्क, कामगार, नाव. कंत्राटदारानं तिला आठवडाभर घरी बसवलं. इंजिनीयरबाई म्हणाल्या, असे अर्ज फाईलला फार उपयोगी असतात, योजना जिवंत आहे हे दिसतं. जिवंत हा शब्द आवडला.

५ नोव्हेंबर

तीन आठवड्यांत एकोणीस अर्ज. कुत्रं तळ्याजवळ: एक. कुंपणाला भोक: चार. बाकी सगळे कामगार. आता मला बघून ते आधीच उभे राहतात.

मीटर रोज दोन-अडीच. शक्यता एक. हिरवा.

१४ जानेवारी

सणवारांत लिहिणं राहिलं. लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

काल आफ्रिकेकडून धूळ आली आणि दुपारी थेंबभर पाऊस. नुसता चिखल बरसला. मोटारी, कपडे, गच्च्या, सगळं गंजल्यासारखं लाल. सात नंबरपासून अकरा नंबरपर्यंत चाळीस हेक्टर लेट्यूस कापणीला आलेला, आठवड्यावर, आणि प्रत्येक पानावर लाल ठिपके. संस्थेचे अध्यक्ष कासिमिरो बांधावर उभं राहून आभाळाला शिव्या देत होते. त्यातली निम्मी शेतं त्यांचीच.

१५ जानेवारी

मीटर १९.

काच पुसली. १९. बाटलीत पाणी घेऊन उन्हात धरलं. पातळ सरबतासारखं. केंद्रात फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, जंतू मारणाऱ्या दिव्यांपैकी निम्मे बंद पडलेत, सुटे भाग सोमवारी येतील, तुमच्याकडे अडथळा आहेच ना.

आहेच. मी दार लावलं. फोनवरून कुणी उघडेल म्हणून साखळी घालून कुलूप ठोकलं. दाराचं चाक शेवटपर्यंत फिरवलं. तीन वर्षांनी स्वतःच्या हातानं दार लावलं.

अर्ध्या तासात कासिमिरोंची जीप.

"कुणी सांगितलं रे तुला दार लावायला? मला आज वरून फवारे सोडून पानं धुवायची आहेत!"

"अडथळा क्रमांक चारनं."

"कोण तो?"

"मी."

त्यांनी माझ्या जाकिटाकडे बघितलं, मग थुंकले. माझ्यावर नाही, बाजूला. "आणि योजनेत तर फवारेही नाहीत," मी म्हणालो. "थेंब थेंब, मुळाशी. पानाला पाणी लागायचं नाही, असं आहे." ते जीप वळवून निघून गेले. आज मला जेवण फार चांगलं लागलं.

१६ जानेवारी

सकाळी इंजिनीयरबाई आल्या. दोन कॉफ्या घेऊन. तळ्याच्या कठड्यावर माझ्या शेजारी बसल्या, चांगल्या कपड्यांत.

"मीटरच्या काचेवर धूळ असेल."

"मी पुसली."

"पुन्हा बसली असेल. तीन दिवसांपूर्वी सगळ्या गावावर बसली." मग, "चौतीस वर्षांत या तळ्याच्या पाण्यानं कुणी आजारी पडलेलं तुम्ही पाहिलंय?"

"नाही."

"मग शक्यता किती?"

मी नोंदवहीत चार लिहिली होती. वाईटपणा चार. सोळा. लाल. लाल म्हणजे पाणी बंद, आरोग्य खात्याला कळवायचं, आणि तोवर कापणी नाही.

"मी तुम्हाला आकडा सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "तो माझा अधिकारच नाही. तज्ज्ञ तुम्ही आहात. फक्त एवढंच बघा, की आकडा तुमच्या अनुभवातून आलाय, की काल कासिमिरोंचा राग आला त्यातून."

हे मात्र मनाला लागलं. राग आलाच होता मला. मी चार खोडून एक केली.

"खाडाखोड वाईट दिसते. नवं पान घ्या."

नवं पान घेतलं. मीटरच्या रकान्यात "दुरुस्तीला" असं लिहिलं. जुनं पान बाईंनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

कुलूप काढलं. दुपारी फवारे सुरू झाले. लाल माती धुऊन गेली आणि अख्खं शिवार असं हिरवं निघालं की रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून बघत होते.

खरे आकडे: काल १९, १९. आज सकाळी २२, दुपारी २१. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

२३ जानेवारी

कापणी. अकरा ट्रक डेन्मार्कला. कासिमिरोंनी बारमध्ये सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "बिशप आपला माणूस आहे!"

३० जानेवारी

झिनेब मला शोधत तळ्यापर्यंत चालत आली. मोटारसायकलनं वीस मिनिटं लागतात तिथे.

"सेन्योर हिनेस, धूळ पडली त्या आठवड्यात पाण्याला वास होता. आम्ही सगळ्यांनी मुकादमाला सांगितलं."

"तू कधीपासून इंजिनीयर?"

"माझी बहीण आजारी आहे. हफीदा. पाच दिवस झाले, रक्त पडतंय. आम्ही बाहेरची पानं घरी नेतो, टाकूनच देतात ती. तिनं खाल्ली, मी नाही, माझा दात दुखत होता. तुम्ही फक्त एवढं सांगा, पाण्यात काही होतं का? दवाखान्यात नेऊन दाखवायचं तर काय सांगू?"

"तर मग आधीच न्यायचं होतं."

"तिचे कागद नाहीत. ती घाबरते."

"पाणी हिरवं आहे," मी म्हणालो. तिला कळलं नाही, म्हणून खिशातून तक्ता काढून दाखवला. "हे बघ. एक गुणिले चार, चार. हिरवा."

तिनं तक्त्यातल्या एकवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हे कुणी लिहिलं?" मी कार्ड दाखवलं.

ती गेल्यावर लक्षात आलं: शेतातली पानं घरी नेणं हा योजनेतला धोका क्रमांक अकरा, आणि आजवर कुणीच तो नोंदवला नव्हता. मी अर्ज भरला. कबुली तिनं स्वतःच दिलेली, त्यामुळे साक्षीदारही लागला नाही.

१ फेब्रुवारी

कंत्राटदारानं झिनेबला काढलं. टोळीतल्या बाकीच्या बायका आज मी गेलो तेव्हा उभ्या राहिल्या नाहीत. पाठ करून कापत राहिल्या.

१२ फेब्रुवारी

फ्लोरेन्तिना बेकरीतून पाव न घेताच परत आली.

"ती मोरोक्कोची पोरगी गेली. टायरच्या दुकानावर राहायची ती. शेवटी ॲम्ब्युलन्स बोलावली तेव्हा मूत्रपिंडं बंद पडलेली. बावीस वर्षांची होती, हिनेस."

"कोणती पोरगी?" मी विचारलं. मला ठाऊक होतं.

"तू ओळखतोस?"

"इतके लोक असतात शिवारात."

दुपारी ऑफिसात गेलो. म्हटलं, वाईटपणाच्या रकान्यात मृत्यूला पाच असतात, तर आकडा बदलावा लागेल का? इंजिनीयरबाईंनी दार लावून घेतलं.

"आरोग्य खात्याच्या यादीत पाण्याशी जोडलेला मृत्यू म्हणून तिचं नाव आहे का?"

"नसेल."

"मग तुम्ही तो कुठे लिहिणार? ऐकीव गोष्टींवर योजना चालत नाही. तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे, हिनेस. तुम्ही संवेदनशील आहात." आणि मग, "कुठे दुसरीकडे काही लिहून ठेवता का तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

बाईंना मी खोटं बोललो याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.

४ मार्च

टीव्हीवर दाखवलं. डेन्मार्कमध्ये सव्वीस लोक आजारी, दोन म्हाताऱ्या बायका मेल्या. दोघींचे फोटो, घरं, बाग, एकीचं मांजरसुद्धा. लेट्यूसवर संशय. आमच्या भागाचा नकाशा, त्यावर लाल गोल.

११ मार्च

सरकारी पथक आलं. चौघे. तळ्याच्या तळचा गाळ बाटल्यांत भरून नेला. इंजिनीयरबाईंनी मला आधीच बोलावलं होतं.

"हिनेस, तुमचे अर्ज आज आपल्याला वाचवणार. ही झिनेब जांभळ्या नळाला हात लावताना सापडली, माल घरी न्यायची, घरात आजारी माणूस. रोग शेतात तिच्या हातांनी आला, हे उघड आहे. तुम्ही फक्त तेवढं जबाबात म्हणा."

"पण बहीण आजारी पडली ती कापणीनंतर," मी म्हणालो.

"तारखा मी बघते."

जबाब टाईप होऊन तयार होता. चांगला लिहिला होता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. सही केली. पथकातल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "हे तुम्ही स्वतः पाहिलं?" दोन्ही वेळा हो म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

१५ मार्च

झिनेबला आता या भागात कुणी कामावर घेत नाही. नाव सगळ्या कंत्राटदारांच्या फोनवर फिरतंय, फोटोसकट. फोटो मी काढलेला.

फ्लोरेन्तिनानं आज माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्यानं जेवली.

२२ एप्रिल

गाळाचा अहवाल आला. डेन्मार्कच्या आजाऱ्यांत सापडला तोच जंतू, तळ्याच्या तळाशी. शेतात नाही, कुणाच्या हातावर नाही. तळ्यात.

मी ऑफिसात गेलो. दारावर कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा पुसून टेकवलं. लाल. काचेतून इंजिनीयरबाई दिसत होत्या, फोनवर. त्यांनी मला पाहिलं आणि खुर्ची वळवली.

बाहेर कासिमिरो जीपमध्ये बसत होते.

"साहेब, दार उघडत नाही."

"उघडायला नकोच होतंस तू," ते म्हणाले. "जानेवारीत नको होतं. आम्ही तुझ्या अनुभवावर विसंबून राहिलो रे, हिनेस. सगळी संस्था तुझ्यावर विसंबून होती." तोंडावर खरंच दुःख होतं. जीप गेल्यावर मलाही क्षणभर वाटलं, खरंच, किती विश्वास टाकला लोकांनी.

९ मे

कोर्टाचं पत्र. निष्काळजीपणानं मृत्यू, दोन. नोंदीत फेरफार. खोटा जबाब. आरोपी: एक.

संस्थेनं वृत्तपत्रात दिलंय, की आमची धोका योजना उत्तम होती, चौथ्या अडथळ्यावरच्या माणसानं ती पाळली नाही.

१९ मे

कोर्टानं माझ्यासाठी दिलेल्या वकिलानं विचारलं, जानेवारीत किंवा नंतर तुम्हाला कुणी पाण्याबद्दल सावध केलं होतं का? केलं असेल तर प्रकरण फार वाईट होतं. म्हणून आज मी टायरच्या दुकानावर, झिनेबच्या खोलीत गेलो.

खोली एकच. दोन गाद्या, एक गुंडाळून भिंतीला उभी. झिनेबनं मला खुर्ची दिली आणि ग्लासात पाणी. सवयीनं मी ग्लास खिडकीकडे धरला.

"नळाचं आहे," ती म्हणाली. "प्या. आम्ही रोज पितो."

प्यायलो.

"झिनेब, कोर्टानं विचारलं तर एवढंच सांग, की तू मला काही बोलली नव्हतीस. तुझं त्यात काही जात नाही."

"बोलले होते."

"माहीत आहे. म्हणून तर आलोय."

तिनं गुंडाळलेल्या गादीकडे बघितलं. मला वाटलं, शिव्या देईल. मी तयारीनं गेलो होतो, उत्तरंही ठरवली होती.

"मला कोर्टानं बोलावलेलंच नाही, सेन्योर हिनेस," ती म्हणाली. "मी दोनदा गेले. म्हणाले, तुमचा काय संबंध?"

मग तिनं माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला, धुतला, आणि दार उघडून उभी राहिली.

२० मे

फ्लोरेन्तिनानं ही वही वाचली. मी अंघोळीला गेलो होतो, बाहेर आलो तर ती पलंगावर, वही मांडीवर, सोळा जानेवारीच्या पानावर बोट ठेवून.

"तिथे 'दुरुस्तीला' आणि इथे बावीस," ती म्हणाली. "म्हणजे तुला कळत होतं."

"मला कळत नव्हतं! म्हणून तर खरं लिहिलं ना? कळत असतं तर इथेही..." वाक्य कुठे जाणार हे माझं मलाच समजेना.

"वकिलाला दे ही. त्या बाईनं पान पर्समध्ये नेलं ते यात आहे."

"यात बाकीचंही आहे."

"हो," ती म्हणाली. "बाकीचंही आहे."

२६ मे

सहा दिवस वही कपाटावर. फक्त जानेवारीची पानं फाडून द्यावी असं ठरवलं, पण वकील फोनवर म्हणाला, अख्खी वही किंवा काहीच नको, फाटकी वही कोर्टात हसण्यावारी जाते.

तीस जानेवारीच्या पानाखाली तीन ओळी कोऱ्या आहेत. तिथे काहीतरी घालावं असं वाटलं. "तिला गाडीवरून दवाखान्यात सोडलं" असं नाही, ते कुणाला पटलं नसतं. काहीतरी लहानसं. "वाईट वाटलं" एवढं. पेन टेकवलं आणि तासभर बसलो. आठवून बघितलं, वाटलं होतं का त्या दिवशी. त्या दिवशी मला भूक लागली होती, एवढं आठवतं.

कोरं ठेवलं.

३ जून

वही वकिलाकडे आहे. हे सुट्या कागदावर लिहितोय.

त्याचं ऑफिस मुर्सियात, चौथ्या मजल्यावर. तरुण माणूस, नखं चावतो. वही माझ्यासमोरच वाचायला घेतली. सोळा जानेवारीला पोचला तसा उठूनच उभा राहिला.

"हे सोनं आहे! खरे आकडे, तारखा, पान कुणी नेलं, काय शब्द वापरले, सगळं! ही इंजिनीयर आता सुटत नाही. तुम्हाला कमीत कमी शिक्षा होईल, कदाचित आत जावंही लागणार नाही."

मग तो पुढची पानं वाचू लागला. तीस जानेवारी. बारा फेब्रुवारी. अकरा मार्च. मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. पान उलटल्याचा प्रत्येक आवाज मला ऐकू येत होता. आता हा मान वर करेल आणि माझ्याकडे बघेल. काय म्हणेल, हे मी इतके दिवस मनात ऐकत होतो.

त्यानं मान वर केली.

"ही झिनेब कोण?"

"कापणीवाली."

"आणि ही बहीण, ती आरोपपत्रात आहे का? मृत्यू दोनच धरलेत ना, डेन्मार्कचे?"

"दोनच."

"मग ठीक." त्यानं पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. जानेवारीच्या पानांवर चार लावल्या, अकरा मार्चवर एक, खोट्या जबाबासाठी. मधली पानं अंगठ्यानं एकदम उलटली. "यात आपल्याला त्रास होईल असं काही नाही. ती खटल्यात नाहीच. उगाच काळजी करत होतात."

त्यानं माझ्याशी हात मिळवला. मला हायसं वाटलं. इतकं की चार मजले कधी उतरलो ते कळलंच नाही.

खाली फ्लोरेन्तिना बाकावर बसली होती, पर्स मांडीवर.

"काय म्हणाला?"

"बहुतेक सुटेन म्हणाला."

"आणि ती पोरगी? ती पानं वाचली त्यानं?"

"वाचली."

"मग?"

"म्हणाला, काही हरकत नाही."

फ्लोरेन्तिना उठली. मला वाटलं, माझा हात धरेल. ती बसथांब्याकडे चालू लागली. मी मागून दोनदा हाक मारली. बस आली तेव्हा ती पुढच्या दारानं चढली आणि एकट्या माणसाच्या सीटवर बसली.